दिसायला काच, चित्र मात्र धूसर

ऊती पारदर्शक करून तिच्या आतील प्रतिदीप्त, म्हणजे एका रंगाचा प्रकाश पडताच दुसऱ्या रंगात चमकणाऱ्या, रचनांचे खोलवर चित्रण करण्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांत संशोधक विद्यार्थी बहुसंख्य आहेत. एक पत्र मात्र निव्वळ कुतूहलापोटी लिहिलेले आहे.

प्रश्न : आम्ही उंदराचा अर्धा मेंदू पारदर्शक केला. त्याखाली ठेवलेल्या कागदावरील अक्षरे सहज वाचता येतात. तरीही कॉन्फोकल (एका वेळी एकाच पातळीचे चित्र घेणाऱ्या) मायक्रोस्कोपखाली सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या पलीकडे काहीच धड दिसत नाही. पारदर्शीकरणाचे दिवस आणखी वाढवावेत का?

बहुधा त्याचा उपयोग होणार नाही. अक्षरे वाचता येणे ही कसोटी फसवी आहे. ट्रेसिंग पेपर छापील मजकुरावर दाबून धरला तर खालचे शब्द वाचता येतात. तोच कागद दोन बोटे वर उचलला की शब्द पुसट होत नाहीसे होतात. कागद दोन्ही वेळा तितकाच दुधी असतो. आपला नमुना अक्षरांना टेकलेला असताना पारदर्शक भासतो, त्यातही या परिणामाचा वाटा असतो. पुढच्या वेळी नमुना द्रावणासह काचेच्या बशीत ठेवा आणि बशी कागदापासून चांगली वर उचलून पाहा. तरीही अक्षरांच्या कडा रेखीव राहिल्या, तरच पारदर्शकता साधली असे म्हणता येईल.

मेंदूसारखी ऊती अपारदर्शक दिसते ती रंगामुळे कमी आणि प्रकाशाच्या विकिरणामुळे, म्हणजे तो विखुरल्यामुळे, अधिक. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.३३ असतो, पेशीतील द्रवाचा त्याहून किंचित जास्त, मेदयुक्त पटलांचा १.४४ ते १.४८ च्या आसपास, तर कोरड्या प्रथिनांचा १.५ च्याही पुढे. प्रकाशाला पेशीपेशीत या सीमा ओलांडाव्या लागतात आणि प्रत्येक सीमेवर तो थोडा थोडा वळतो. पारदर्शीकरणाच्या सर्व पद्धतींचे मूळ काम एकच आहे: वाटेतले मेद शक्य तेवढे काढून टाकायचे आणि उरलेल्या सांगाड्याच्या अपवर्तनांकाशी जुळणारे द्रावण सर्वत्र भरायचे.

आता आपली अडचण. वाईट चित्र पाहताना सर्वप्रथम एक गोष्ट ठरवावी: ते अंधुक आहे की धूसर? बोलताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु येथे त्यांची कारणे पुष्कळदा वेगळी असतात. खोलवरची पेशी मंद पण रेखीव दिसत असेल, तर प्रकाश वाटेत शोषला जात आहे, रंजक, म्हणजे रचना रंगवणारे द्रव्य, तिथवर पोहोचलेले नाही, किंवा प्रतिदीप्ती विझली आहे. पेशी पुरेशी उजळ असून तिच्या कडा पसरलेल्या असतील, तर दोष विकिरणात किंवा भिंगात आहे. पारदर्शीकरण लांबवून फायदा झालाच तर तो यांपैकी एकाच शक्यतेत होतो, आणि सगळे पुष्कळदा तेवढाच उपाय पुन्हा पुन्हा करत राहतात.

निदानासाठी नमुना उलटा करून दुसऱ्या बाजूनेही चित्रण करावे. पहिल्या बाजूने न दिसलेला भाग दुसऱ्या बाजूने, म्हणजे आता पृष्ठभागाजवळ आल्यावर, स्वच्छ दिसला, तर तेथील रंजक शाबूत आहे आणि अडचण प्रकाशाच्या वाटेत आहे. मधला पट्टा दोन्ही बाजूंनी तितकाच काळा राहिला, तर नमुना मधोमध चिरून उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे चित्र घ्यावे; तेथेही काळोख असेल तर रंजक आत गेलेच नव्हते. याच्या जोडीला गडद लाल रंगात चमकणारे, केंद्रक रंगवणारे एखादे लहान रेणूचे रंजक वापरावे. ते प्रतिपिंडांपेक्षा, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटून त्यावर रंजक चढवणाऱ्या मोठ्या रेणूंपेक्षा, कितीतरी सहज आत शिरते आणि त्याची तरंगलांबी जास्त असल्यामुळे विकिरणही कमी होते. केंद्रके दिसत असून प्रतिपिंडाची खूण दिसत नसेल, तर भिंगावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

आपल्या पत्रावरून मात्र माझा संशय भिंगावरच आहे, कारण पत्रात वस्तुभिंगाचा उल्लेखच नाही. तेलात बुडवायचे वस्तुभिंग सुमारे १.५२ अपवर्तनांकासाठी घडवलेले असते आणि पाण्यात बुडवायचे १.३३ साठी. पाण्याच्या भिंगाखाली १.४६ चे द्रावण ठेवले की कडेकडून येणारे किरण आणि मध्यातून येणारे किरण एका बिंदूत मिळत नाहीत. यालाच गोलीय विपथन म्हणतात आणि ते खोलीबरोबर वाढत जाते. पृष्ठभागाशी नजरेत न भरणारा हा दोष अर्ध्या मिलिमीटरवर चित्र खराब करतो, आणि आपल्याला वाटते ऊतीच दुधी राहिली. भिंगावर दुरुस्तीचे कडे असेल तर ते फिरवून खोलवरच्या एखाद्या लहान ठिपक्यासाठी जुळवून पाहावे. भिंगाची कार्यांतराची, म्हणजे ते किती खोलवर पोहोचते याची, मर्यादाही तपासावी: पुष्कळ उच्च विभेदनक्षम तेलभिंगे पाव मिलिमीटरच्या आतबाहेरच काचेला टेकतात, आणि तेथे ऊती कितीही स्वच्छ असली तरी उपयोग नाही.

आणखी एक उपकरण प्रत्येक प्रयोगशाळेत हवे, ते म्हणजे हातात मावणारे रिफ्रॅक्टोमीटर. बाटलीवर लिहिलेला अपवर्तनांक आणि नमुन्याभोवतीच्या द्रावणाचा अपवर्तनांक एकच असेल असे नाही. साखर किंवा युरियाची दाट द्रावणे उघडी राहिली की पाणी उडून त्यांचा अंक चढतो. नमुन्यातून बाहेर पडलेल्या पाण्याने तो उतरतो. नमुना चिमट्याने हलवताना त्याच्याभोवती तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी थरथर दिसली, तर आतले आणि बाहेरचे द्रावण अजून समान झालेले नाही. द्रावण बदलून आणखी एक दिवस थांबावे. ती थरथर पूर्ण थांबल्याशिवाय मायक्रोस्कोपची वेळ आरक्षित करू नये, हा धडा मी बऱ्याच वाया गेलेल्या रात्रींनंतर शिकलो आहे.

प्रश्न : पद्धतींची नावे इतकी आहेत की गोंधळ होतो. क्लॅरिटी, क्युबिक, थ्रीडिस्को, आयडिस्को, सीडीबी यांपैकी सर्वांत चांगली कोणती?

"कशासाठी?" हे विचारल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. नावे पुष्कळ असली तरी घराणी तीन-चारच आहेत.

सर्वांत जुने घराणे सेंद्रिय द्रावकांचे. लाइपझिग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ वेर्नर श्पाल्टेहोल्ट्स यांनी १९११ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. नमुना विरंजित करायचा, त्यातील पाणी पूर्ण काढायचे आणि विंटरग्रीनच्या तेलासारख्या उच्च अपवर्तनांकाच्या द्रवात तो मुरवायचा. त्यांना मायक्रोस्कोपसाठी नव्हे, तर संग्रहालयात ठेवण्यासाठी नमुने हवे होते. ही कल्पना जवळजवळ शतकभर बाजूला पडून राहिली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. २००७ मध्ये हान्स-उलरिख डोट आणि सहकाऱ्यांनी बेन्झिल अल्कोहोल व बेन्झिल बेन्झोएट यांच्या एकास दोन मिश्रणात उंदराचा अख्खा मेंदू पारदर्शक करून, बाजूने प्रकाशाची पातळ पाती टाकणाऱ्या (लाइट-शीट) मायक्रोस्कोपखाली ठेवला, तेव्हा तिला नवे आयुष्य मिळाले. २०१२ ची थ्रीडिस्को आणि २०१४ ची आयडिस्को याच वंशातील. वेग, पूर्ण पारदर्शकता आणि टणक, हाताळायला सोपा नमुना हे यांचे गुण; आकुंचन, घातक रसायने आणि प्रतिदीप्त प्रथिनांचे विझणे हे अवगुण.

दुसरे घराणे जलीय द्रावणांचे. त्यातील साधी शाखा मेदांना हात न लावता केवळ द्रावण बदलते. २०१३ ची सीडीबी पद्धत फ्रुक्टोजच्या अतिशय दाट द्रावणावर चालते आणि तिचा अपवर्तनांक १.४९ पर्यंत जातो. पेशीपटलात बसणारी मेदस्नेही रंजके तीत टिकतात. अपमार्जक, म्हणजे साबणासारखे मेद धुणारे रसायन, वापरणाऱ्या पद्धतींत ती मेदाबरोबर धुऊन जातात. दुसरी शाखा युरिया आणि अपमार्जकांची. जपानच्या रिकेन संस्थेतील अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेली स्केल आणि हिरोकी उएदा यांच्या गटाची २०१४ ची क्युबिक ही तिची उदाहरणे. येथे प्रतिदीप्त प्रथिने सुखरूप राहतात, परंतु नमुना फुगतो, मऊ पडतो आणि दिवसांचे आठवडे होतात.

तिसरे घराणे जेलचे. स्टॅनफर्डमध्ये कार्ल डायसेरॉथ यांच्या प्रयोगशाळेत क्वांगहुन चुंग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये क्लॅरिटी मांडली. ऊतीत अॅक्रिलमाइडचे जाळे विणून प्रथिने त्याला बांधायची आणि मग एसडीएस या अपमार्जकाने, विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने, मेद बाहेर काढायचे. प्रथिने जाळ्याला जखडलेली असल्यामुळे नमुना रंगवून, धुऊन, पुन्हा दुसऱ्या प्रतिपिंडांनी रंगवता येतो. विद्युतक्षेत्राची यंत्रणा मात्र लहरी असते. तापमान सुटले तर नमुना तपकिरी होतो आणि बुडबुडे धरतो. म्हणून आता पुष्कळ जण वीज वगळून ३७ अंशांवर नुसते भिजत ठेवण्याचा संथ मार्ग पत्करतात. घाई नसेल तर मीही तोच सुचवेन. एक लहानशी सूचना: एसडीएस असलेल्या नमुन्याला पोटॅशियम असलेले बफर लावू नये, आणि त्याला थंडीतही ठेवू नये, पांढरा साका बसतो आणि नवशिका संशोधक त्यालाच ऊतीचा दोष समजतो.

पहिल्या घराण्यात अपवर्तनांक १.५६ च्या जवळ लागतो, तर क्लॅरिटीला १.४५ ते १.४६ पुरतो, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. द्रावकांत पाणी निघून गेलेले असते आणि मागे कोरडे, दाट प्रथिन उरते. जेलमध्ये प्रथिन पाणी धरून सैल पसरलेले असते. म्हणून एका पद्धतीचे शेवटचे द्रावण दुसऱ्या पद्धतीच्या नमुन्याला ओतून चालत नाही.

निवड करताना मी नमुन्यापासून नव्हे, तर शेवटच्या चित्रापासून मागे येतो. अख्ख्या मेंदूतील पेशी मोजायच्या असतील आणि लाइट-शीट उपलब्ध असेल, तर आयडिस्को किंवा एथिल सिनामेट वापरणारी तिची एखादी नातलग पद्धत. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या कापात चेतापेशींचे बारीक काटे पाहायचे असतील, तर फ्रुक्टोजसारखे सौम्य द्रावण आणि त्याला जुळणारे भिंग. एकाच नमुन्यात अनेक प्रथिने आळीपाळीने पाहायची असतील, तर जेल. आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच जायचे असेल, तर पारदर्शीकरण न करता दोन-फोटॉन मायक्रोस्कोपने काम भागते का, हे आधी पाहावे. साठवणुकीचाही हिशेब करावा. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंच्या, १६ बिटच्या एका प्रतिमेला सुमारे ८.४ मेगाबाइट लागतात. १० मिलिमीटर खोली ५ मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी घेतली तर २,००० प्रतिमा, म्हणजे एका रंगाच्या एका चौकटीला जवळजवळ १७ गिगाबाइट. टप्पा १ मायक्रोमीटरचा केला की हाच आकडा पाचपट होतो, आणि चौकटी तर अनेक लागतात.

प्रश्न : आमच्या उंदरांत हरित प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी आहे. थ्रीडिस्कोने मेंदू सुरेख पारदर्शक होतो, पण दोन दिवसांत हिरवा प्रकाश जवळजवळ मावळतो. काय करावे?

जीएफपीचा चमकणारा भाग प्रथिनाच्या पिंपासारख्या कवचात असतो आणि त्याची चमक तेथील हायड्रोजन बंधांवर व मोजक्या जलरेणूंवर अवलंबून असते. निर्जलीकरण नेमके त्यांच्यावरच घाव घालते. त्याशिवाय दोन शत्रू आहेत, आणि त्यांच्यावर आपले नियंत्रण चालते.

पहिला पेरॉक्साइड. थ्रीडिस्कोत वापरली जाणारी टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायबेन्झिल ईथर ही दोन्ही रसायने हवेच्या संपर्कात पेरॉक्साइड बनवतात, आणि ती प्रतिदीप्ती झपाट्याने मारतात. बाटली कधी उघडली याची तारीख बाटलीवरच लिहावी, चाचणीपट्टीने पेरॉक्साइड तपासावे आणि वापरण्यापूर्वी द्रावक क्षारधर्मी अॅल्युमिनाच्या स्तंभातून गाळावा. जुन्या टेट्राहायड्रोफ्युरानचे ऊर्ध्वपातन करण्याच्या फंदात पडू नये. साचलेली पेरॉक्साइड स्फोटक असतात. दुसरा शत्रू आम्लता. सामू ६ च्या आसपास उतरला की जीएफपीची सुमारे निम्मी चमक जाते, म्हणून नव्या पद्धतींत निर्जलीकरणाचे द्रव ९ सामूपर्यंत क्षारधर्मी करून ठेवतात. २०१९ च्या एफडिस्कोमध्ये त्याच्या जोडीला तापमान ४ अंशांवर ठेवले जाते. २०१६ च्या यूडिस्कोमध्ये टेट्राहायड्रोफ्युरानऐवजी टर्ट-ब्युटेनॉल आणि शेवटच्या द्रावणात ई जीवनसत्त्व असते. टर्ट-ब्युटेनॉल २५ अंशांच्या जवळच गोठते, त्यामुळे ते उबदार ठेवावे लागते, हे ध्यानात असू द्यावे.

एवढे करूनही चमक अपुरी राहिली तर भांडत बसू नये. जीएफपी विझले तरी त्याचे प्रथिन तेथेच असते. जीएफपीविरुद्धच्या प्रतिपिंडाने त्यावर गडद लाल रंजक चढवता येते. ते द्रावकात महिनोन्महिने टिकते, आणि ऊतीची स्वतःची हिरवी चमकही मग आड येत नाही. खरे सांगायचे तर मोठ्या नमुन्यांसाठी मी हाच मार्ग आधी धरतो.

प्रश्न : प्रतिपिंड दहा दिवस ठेवूनही फक्त बाहेरची कड रंगते. मध्यभाग रिकामाच. दिवस वाढवावेत की प्रमाण?

दोन्ही, पण त्याआधी थोडा हिशेब. विसरणाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, अर्धा मिलिमीटर आत जायला प्रतिपिंडाला एक दिवस लागला. मग एक मिलिमीटरला चार दिवस, दोन मिलिमीटरला सोळा आणि चार मिलिमीटरला चौसष्ट दिवस लागतील. म्हणून अख्ख्या मेंदूऐवजी तो मधोमध कापून अर्धा रंगवणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मध्यापर्यंतचे अंतर निम्मे झाले तर वेळ एक चतुर्थांश होतो.

परंतु आपल्या वर्णनातील कड ठळक आणि आतला भाग एकदम कोरा आहे. नुसत्या संथ विसरणाने रंग हळूहळू फिका होत गेला असता. तुटक कड दिसते तेव्हा बहुधा प्रतिपिंडे वाटेतच अडकून संपलेली असतात: बाहेरच्या थरातील प्रतिजनाने, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटते त्या प्रथिनाने, ती सगळी धरून ठेवली आणि आत पाठवायला काही उरले नाही. असे मुबलक प्रथिनांच्या बाबतीत हमखास होते. येथे दिवस वाढवून काहीच साधत नाही. नमुन्यातील एकूण प्रतिजनाला पुरेल इतकी प्रतिपिंडाची एकूण मात्रा हवी, आणि ती एकदम न घालता दोन-तीन हप्त्यांत घातली तर कडेवरचा भार कमी होतो. २०१५ मध्ये चुंग यांच्या गटाने मांडलेल्या स्विच पद्धतीत यावर चतुर तोड आहे: प्रतिपिंड आत पसरेपर्यंत एसडीएसच्या साहाय्याने त्याला चिकटू द्यायचे नाही, आणि सर्वत्र पसरल्यावर एसडीएस धुऊन बंधन सुरू करायचे.

प्रतिपिंडाचा आकारही पाहावा. नेहमीचे प्रतिपिंड सुमारे १५० किलोडाल्टनचे असते, तर उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून बनवलेले नॅनोबॉडी सुमारे १५ किलोडाल्टनचे. ते कितीतरी चपळाईने आत जाते. नमुन्याचे स्थिरीकरण, म्हणजे रसायनाने ऊती बांधून टिकवणे, गरजेपेक्षा जास्त झाले असेल तर जाळे इतके घट्ट होते की काही केल्या वाट मिळत नाही. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर एक रात्र पुरेशी असते. सुट्टीमुळे नमुना आठवडाभर त्यात राहिला, तर दोष प्रतिपिंडाला देऊ नये.

आणि मोठा नमुना खर्ची घालण्यापूर्वी एक पातळ काप घ्या. आपल्या पद्धतीत नमुन्याला ज्या ज्या द्रवांतून जावे लागते, उदाहरणार्थ आयडिस्कोतील मिथेनॉल, त्यांतून हा काप काही तास काढा, आणि मग रंगवा. कापावरही खूण उमटली नाही, तर ते प्रतिपिंड मिथेनॉल सोसलेल्या प्रतिजनाला ओळखत नाही आणि अख्ख्या मेंदूत ते दोन महिने ठेवले तरी ओळखणार नाही. एका दिवसाची ही चाचणी टाळणारे संशोधक मला दर वर्षी भेटतात, आणि पहिल्या वर्षी मी स्वतः त्यांच्यातच होतो.

प्रश्न : मेंदू पारदर्शक होतो, पण यकृत व प्लीहा चहाच्या रंगाचेच राहतात.

तो हीमचा, म्हणजे रक्तातील लोहयुक्त रंगद्रव्याचा, रंग आहे. हे विकिरण नसून शोषण आहे, त्यामुळे अपवर्तनांक कितीही जुळवला तरी ते जाणार नाही. प्राण्याच्या रक्तवाहिन्यांतून हेपॅरिनयुक्त बफर सोडून रक्त पूर्ण निचरेपर्यंत धुणे हा पहिला उपाय, आणि येथे केलेला आळस पुढे कशानेही भरून निघत नाही. त्यानंतरही रंग उरला, तर आयडिस्कोप्रमाणे मिथेनॉलमधील ५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ४ अंशांवर रात्रभर ठेवता येते. मात्र जीएफपीची स्वतःची चमक हवी असेल तर हा मार्ग बंद. क्युबिकमधील क्वाड्रॉल हे अमिनोअल्कोहोल हीम सौम्यपणे बाहेर काढते, आणि रक्ताने भरलेल्या अवयवांसाठी मी तेच निवडेन. मेलॅनिन याला सहसा दाद देत नाही, म्हणून डोळ्यांवर काम करणारे शक्यतो वर्णहीन जातीचे प्राणी निवडतात.

प्रश्न : पारदर्शीकरणानंतर नमुना लहान झाला. मोजमापांवर विश्वास ठेवावा का?

दुरुस्ती केल्याशिवाय ठेवू नये. लांबीतला लहान वाटणारा फरक घनफळात मोठा होतो. लांबी ३० टक्क्यांनी घटली तर मूळ घनफळाच्या सुमारे ३४ टक्केच उरते. उलट ती सव्वापट झाली तर घनफळ जवळजवळ दुप्पट. प्रत्येक टप्प्यावर नमुन्याखाली आलेखकागद ठेवून वरून छायाचित्र घेतले, की गुणक काढता येतो. सर्व भाग सारख्याच प्रमाणात आक्रसतात असेही गृहीत धरू नये; मेंदूतील श्वेतद्रव्य आणि पोकळ्या वेगळ्या वागतात. कॉन्फोकलवर कोरडे भिंग वापरत असाल तर आणखी एक चूक लपलेली असते: १.५६ अपवर्तनांकाच्या द्रवात भिंग १० मायक्रोमीटर सरकले की नाभी सुमारे १५ ते १६ मायक्रोमीटर सरकते, आणि गोल पेशी चित्रात चपट्या दिसतात.

प्रश्न : मी संशोधक नाही. जिवंत प्राणी असा पारदर्शक करता येईल का?

वर सांगितलेल्या बहुतेक पद्धती मेलेल्या, स्थिरीकरण केलेल्या ऊतीसाठीच आहेत, कारण मेद काढून घेतल्यावर पेशी जगत नाही. परंतु २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सायन्स या नियतकालिकात स्टॅनफर्डमधील ग्वोसाँग हाँग यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला. खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाचे दाट द्रावण जिवंत उंदराच्या त्वचेवर चोळले असता ती पारदर्शक झाली, पोटातील अवयवांची हालचाल बाहेरून दिसली, आणि द्रावण धुताच त्वचा पूर्ववत झाली.

रंग लावल्याने पारदर्शकता यावी हे उलटे वाटते, परंतु त्यामागचे भौतिकशास्त्र जुने आहे. एखादा पदार्थ निळा आणि अतिनील प्रकाश जोरात शोषत असेल, तर त्याहून लांब तरंगलांबीच्या, म्हणजे लाल प्रकाशासाठी त्याचा अपवर्तनांक वाढतो. शोषण आणि अपवर्तन यांना बांधणारे हे नाते क्रेमर्स आणि क्रोनिग यांच्या नावाने ओळखले जाते. टार्ट्राझिन पाण्यात मिसळले की पाण्याचा अपवर्तनांक लाल प्रकाशासाठी चढून मेदांच्या व प्रथिनांच्या जवळ येतो. म्हणजे श्पाल्टेहोल्ट्स यांनी पाणी काढून टाकले, तर येथे पाणीच बदलले. मर्यादा उघड आहेत: निळा-हिरवा प्रकाश रंगातच अडकतो, त्यामुळे जीएफपीसाठी हा उपाय गैरसोयीचा, आणि उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा फार पातळ असते. घरी कोणी हा प्रयोग स्वतःच्या अंगावर करू नये.

प्रश्न : पारदर्शक नमुने कशात आणि कुठे ठेवावेत?

द्रावकांतील नमुने काचेच्या, काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधारात. पॉलिस्टायरीनची बशी ही द्रावके मऊ करतात किंवा विरघळवतात. माझी पहिली बशी मेंदूसकट टेबलाला चिकटली होती. डायक्लोरोमिथेन नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जाते, तेव्हा धुराड्याखालीच काम करावे आणि थेंब पडताच हातमोजे बदलावेत. भिंगाच्या कडेचा गोंदही ही द्रावके सोडवू शकतात, म्हणून त्यांना साजेसे भिंग नसेल तर नमुना बंद कक्षात ठेवूनच चित्रण करावे. जलीय द्रावणांत बुरशी येऊ नये म्हणून ०.०२ टक्के सोडियम अॅझाइड घालतात. फ्रुक्टोजची द्रावणे कालांतराने तपकिरी होऊन स्वतःच चमकू लागतात. सीडीबीच्या मूळ कृतीत त्यावर अल्फा-थायोग्लिसेरॉल घातलेले आहे, ते वगळू नये.

एथिल सिनामेट वापरणाऱ्यांकडून आणखी एक तक्रार वरचेवर येते, की रात्री ठेवलेला स्वच्छ नमुना सकाळी पांढराफटक झाला. तो फ्रिजमध्ये ठेवलेला असतो. हे द्रव सुमारे ७ अंशांवर गोठते. बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिली की ते पुन्हा स्वच्छ होते.